महालक्ष्म्यांची पेटी माझ्याकडे आली बे

नागपूर

प्रिय बंड्या,

तुझा फोन मुद्दामच नाही उचलला. हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. आईनं महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची, पेटी माझ्याकडे पाठवली. मुखवटे, ते ज्यांवर बसतात त्या पत्र्याच्या कोठ्या, दागिन्यांचा डबा, सगळंच. "माझ्याच्यानं आता होत नाही, महाल भागातल्या घरी कोणी राहिलं नाही, तू थोरला, तूच बसव." हसून घे आधी, मग पुढे वाच.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर.

मी नास्तिक, हे आईला पक्कं माहीत आहे. माझ्या बायकोचं, सुजाताचंही. तिचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते, आणि बावीस प्रतिज्ञांमधल्या तिसरीत गौरी-गणपतीचं नाव घेऊनच नकार आहे. म्हणजे माझा नकार घाऊक, सगळ्याच देवांना सारखा. तिचा नेमका याच दोन बायांना. आणि पेटी आली आमच्याच दारी! सुजाता शांतपणे म्हणाली, "मांडामांड करू लागते, स्वयंपाकही करते. पूजा करणार नाही, हात जोडणार नाही. आणि सवाष्णींचं तर मला सांगूच नका."

तू आता सत्यनारायण काढशील. काढ. फ्लॅटच्या सत्यनारायणाला तू "बायकोसाठी" म्हणत पाटावर बसला होतास आणि मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोललो नव्हतो. पण पाटावर बसून संकल्प सोडणं वेगळं आणि कोठीत गहू भरणं वेगळं. संकल्पात "मी हे अमुक फळासाठी करतो" असं तोंडानं म्हणावं लागतं. गहू भरताना काहीच म्हणावं लागत नाही. हा फरक तुला बारीक वाटेल, मला पुरेसा आहे.

गव्हावरून आठवलं, तुमच्या बाया दरवर्षी माना टाकतात म्हणून वहिनीनं विचारलं होतं. तिला सांग: कोठी निम्म्याच्या वर गव्हानं भरायची. रिकाम्या पत्र्यावर पितळी मुखवटा ठेवला की सगळं वजन वर जातं, आणि पाटाला कोणाचा पाय लागला की बाई थेट समईवर. गळ्याशी कापडाची घट्ट चुंबळ, हनुवटीच्या बाजूनं जरा जाड, म्हणजे चेहरा खाली झुकत नाही. रेशमी साडी पत्र्यावरून घसरते, म्हणून आधी जुना सुती परकर नाडीनं आवळून बांधायचा. निऱ्या जमिनीवर बसून घालायच्या, सुतळीनं बांधून मग कमरेला लावायच्या, सुतळी कमरपट्ट्याखाली झाकते. नऊवारीचा हट्ट नको, कोठीवर तिचा नुसता बोंगा होतो.

आंबिलीचंही सांगून ठेवतो. वाटीभर ज्वारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात रात्री भिजवायचं. सकाळी चार वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणायची आणि भिजवलेलं बारीक धारेनं सोडत ढवळत राहायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी झाल्याच. सोळा भाज्यांसाठी आदल्या दिवशी पहाटेच कॉटन मार्केट गाठायचं. ढेमसं, दोडके, पडवळ, अंबाडी, कोहळं, जे मिळेल ते पाव-पाव किलो. पडवळ थोडं जास्त, ते कढीतही जातं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र शेवटी, नाहीतर पिशवीच्या तळाशी त्याचा चिखल.

आता खरं दुखणं. बाबा गेल्यापासून आई तीन दिवस राबते: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. पुरण तिचं, फुलोरा तिचा, सोळा पदरांचं सूत तिचंच. कुंकू लावायच्या वेळी मात्र ती स्वयंपाकघरात, आणि पहिलं पान शेजारच्या सवाष्णीचं. तू पाहिलं आहेस हे. तेव्हा आपण दोघं देव आहे की नाही यावर भांडत होतो, आणि ती आत पोळ्या लाटत होती. 2013 च्या डिसेंबरात इथल्याच अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा पास झाला तेव्हा तू चिडला होतास, घरातल्या धार्मिक विधींना त्यात हात का नाही लावला म्हणून. बरं झालं नाही लावला. पोलीस येऊन माझ्या आईच्या हातात करंडा थोडीच देणार होते?

तर पेटी माझी, घर माझं. मी आईला म्हटलं, पूजा तूच करायची, कुंकू तूच लावायचं, पहिलं पान तुझं. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, "नास्तिकाच्या घरात शास्त्र कोण विचारते? आधीच बाटलेलं घर आहे." हसली. मग बराच वेळ गप्प. मग, "बघू." आईचं बघू म्हणजे निम्मं हो, तुला माहीतच आहे.

त्या भरात मी पुढे बोललो, की दुसरं पान सुजाताच्या आईचं. त्याही एकट्याच. आई तयार! अडलं भलतीकडेच. सासूबाई म्हणाल्या, "जेवायला केव्हाही येईन, नैवेद्याचं खाणार नाही." चूक काय आहे त्यात? त्यांच्या घरानं ते ताट विचार करून सोडलं, आणि मी मोठा उदार होऊन तेच पुढे सरकवतो आहे. सुजाता म्हणते, आईंच्या कुंकवाचं सोडवलंत ते ठीक, पण आमच्या लोकांना पंगतीत बसवलं की मोठी क्रांती झाली, असं तुम्हा लोकांना नेहमी वाटते. "तुम्हा लोकांना", बंड्या! रजिस्टर लग्नात तू तिसरा साक्षीदार होतास, ओळखपत्र घरी विसरून सगळ्यांना खोळंबवलं होतंस. तेव्हाच हे कलम वाचून घ्यायला पाहिजे होतं.

आता गणित असं. आईला नैवेद्याआधी कोणी जेवलेलं चालत नाही. सासूबाईंना नैवेद्याचं चालत नाही. चूल एक, पुरण एक. घोळ कुठे होतो ते आईलाच विचारून पाहिलं. आमच्याकडे नैवेद्य दाखवलं की त्या ताटातलं थोडं थोडं परत प्रत्येक पातेल्यात मिसळतात, मग सगळंच प्रसाद होतं. ते मिसळायचं नाही. नैवेद्याचं ताट वेगळं राहील, ते आई आणि काकू खातील. पातेल्यात उरेल ती नुसती पुरणपोळी. आईला हे पटलं. सासूबाईंना अजून विचारलं नाही, सुजाताला वाटते ही वकिली झाली. मलाही थोडी वाटते.

काकांचं वेगळंच सुरू. "तुझ्यामागे कोण बसवणार?" पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात आम्ही "नाही" लिहिलं होतं. बाबूनं फॉर्म परत केला, मग मुंबई उच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल छापून नेला, धर्म नाही असं सांगायचा हक्क आहे म्हणून. काकांना ते कळलं तेव्हापासून त्यांना मुखवट्यांची काळजी. पोरगी मात्र कोठीच्या आत उजेड सोडता येईल का ते पाहून राहिली आहे.

तुझं काय? नवीन साहेब कसा आहे? चिन्मयच्या ॲडमिशनचं झालं का? वहिनीला नमस्कार, तिची चकलीची भाजणी संपली आहे म्हणावं.

ज्येष्ठेच्या दिवशी येऊ शकत असशील तर ये. पुरण वाटायला माणूस कमी आहे, आणि सासूबाई तुझं ऐकतात. ते पातेल्याचं तूच विचार त्यांना.

तुझा,
अव्या