आइसलँडला निघण्यापूर्वी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि आमच्या शाळेची भूगोलाची अभ्याससहल एकाच आठवड्यात आली आहे, आणि मी सहलीला जाण्याचे ठरवले आहे. फोनवर आई गप्प झाली की मला पुढे बोलवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. शाळेत भूगोल शिकवणारी मी एकटीच आहे. मी नाही म्हटले असते, तर मुले आइसलँड फक्त बघून आली असती, तो त्यांना कोणी समजावला नसता. शस्त्रक्रियेत थोडी जरी गुंतागुंत असती, तरी मी जाण्याचा विचार केला नसता. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले आहे. बाबा त्याच दिवशी घरी येतील आणि मी परत येईपर्यंत दादा तुमच्याजवळच राहील.

बाबा, नकाशात अटलांटिकच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगेवरून माझे बोट धरून तुम्ही उत्तरेला नेत असा आणि आइसलँड आला की म्हणत असा, "इथे ही रांग पाण्याबाहेर येते." तेच मला मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे आहे. थिंगवेलिरला उत्तर अमेरिकी आणि युरेशियन ही भूपट्टे एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकत आहेत, आणि त्या ताणाने उभ्या चिरलेल्या काळ्या खडकांच्या मधून पायवाट जाते. पुढे स्ट्रॉकूर हा उष्णोदकाचा फवारा आहे. दर काही मिनिटांनी त्याच्या तोंडाशी पाणी निळसर घुमटासारखे फुगते आणि दुसऱ्याच क्षणी फुटून पंधरा-वीस मीटर उंच उडते. मात्र मला सर्वांत जास्त ओढ आहे ती सोलहेमायोकुल हिमनदीची. तिथल्याच एका शाळेची मुले २०१० पासून दरवर्षी हिमनदीच्या तोंडाशी जाऊन बर्फ किती मागे हटला ते मोजत आली आहेत. आमच्या मुलांनी त्या नोंदी पाहिल्या, तर हवामानबदलाचा धडा त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

आई, बसच्या त्या रात्रीनंतर सहल म्हटले की तुझ्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. २०१० साली तिथल्याच एका ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपभरची विमाने बंद पडली होती, तेही तू विसरली नसशील. पण तिथे जमिनीच्या बारीकशा हालचालीवरही सतत लक्ष असते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रिंडाविक हे गाव उद्रेकाच्या महिनाभर आधीच रिकामे केले होते. त्या भागात आम्ही थांबणार नाही. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अचानक मोठ्या लाटा आत येतात, तिथे मुले पाण्यापासून लांब, वरच्या बाजूलाच उभी राहतील आणि मी त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी असेन. थंडीचीही काळजी नको. तिथली बहुतेक घरे जमिनीतल्या गरम पाण्याच्या उष्णतेने उबदार ठेवलेली असतात, आणि नळाच्या गरम पाण्याला जरा गंधकाचा वास येतो इतकेच. तू माझ्या कानावरून टोपी ओढून खालची गाठ स्वतः बांधायचीस, तशी ती आता मी स्वतः बांधून घेईन.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचे आहे. बाबा, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, रात्री डोळ्यावरचे कवच काढायचे नाही आणि जड काही उचलायचे नाही. "आता बरे वाटते" म्हणून थेंब बंद करायचे नाहीत. ते कधी थांबवायचे हे डॉक्टर सांगतील. वर्तमानपत्र काही दिवस दादाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा काहीही नाही. मला अक्षरओळख होण्याआधी तुम्ही मला रोज वाचून दाखवतच होता. आई, त्यांच्या धावपळीत तुझी रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये, आणि माळ्यावरचे काही काढायला तू स्टुलावर चढायचे नाहीस. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीचा कागद फोनशेजारी ठेवला आहे. त्या तपासणीहून परतलात की दादाला मला लगेच निरोप पाठवायला सांगा.

तुमची,
छकुली