लेक ऑफ द वुड्स सरोवरावरच्या कॅप्टनना, अप्पांच्या मुलीकडून

प्रिय कॅप्टन,

तुम्हाला मराठी येत नाही. माझी मुलगी हे पत्र इंग्रजीत लिहून तुम्हाला पाठवणारच आहे. तरी आधी ते मराठीत, सगळ्यांसमोर लिहिते आहे. मिनेसोटातल्या कितीतरी मराठी घरांत दर उन्हाळ्यात आई-वडील येतात आणि त्यातल्या पुष्कळांचा तो उन्हाळा सोफ्यावर बसून, खिडकीतून समोरचं लॉन बघण्यात सरतो. त्यांच्या मुलांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

माझे वडील, अप्पा, मासेमारीसाठी तुमच्या बोटीत चढले तेव्हा तुम्हाला दिसला तो डावा पाय ओढत चालणारा, सावकाश बोलणारा एक म्हातारा. ते कोण होते हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रेवदंड्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. शाळा सुटली की कुंडलिकेच्या खाडीवर गरवायला जायचं, हा त्यांचा नेम. रॉड नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसं आणि गरी, आणि दोरीवर उजव्या हाताची तर्जनी. मासा नुसता हुंगतोय की खरंच घेतोय, हे त्या बोटाला कळायचं. लहानपणी मी शेजारी बसून विचारायची, "अप्पा, लागला?" ते मान हलवून "थांब" म्हणायचे आणि ते म्हणतील तेव्हाच तो लागलेला असायचा.

अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. व्यायामाने बरीचशी परत आली, पण डाव्या हाताची पकड आली नाही. शब्द येतात, पण वाट बघायला लावून. खाडी बंद झाली. पाण्याच्या कडेला त्यांना एकटं कोण सोडणार?

इथे आल्यावर मी त्यांना मासेमारीला न्यायचं म्हटलं तेव्हा ओळखीच्या माणसांनी मला वेड्यात काढलं. "या अवस्थेत पाण्यावर? काही झालं म्हणजे?" त्यांची काळजी खरी होती, हे मान्य. पण खुर्चीत बसून दिवस मोजणाऱ्या माणसाला रोज काय होत असतं, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही.

तुमच्या आधी आम्ही दुसऱ्या एका तळ्यावर, दुसऱ्याच बोटीतून गेलो होतो. कोणाची बोट ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. बोटीवरचा माणूस अप्पांच्या समोर उभा राहून मला विचारत होता, "त्यांना थंडी वाजतेय का? त्यांना पाणी हवंय का?" अप्पांना इंग्रजी येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. रॉड वाकली की मागून एक हात यायचा, रॉड काढून घ्यायचा, भराभर रीळ फिरवायचा, मासा आत घ्यायचा आणि मग रॉड अन् मासा दोन्ही अप्पांच्या मांडीवर ठेवून "हसा!" म्हणायचा. दर वेळी हेच. त्या फोटोंत अप्पा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. घरी येताना गाडीत बराच वेळ शब्द जुळवून म्हणाले, "मासा त्याने धरला. मला नुसता चिकटवला." त्या माणसाने पैसे वाजवून घेतले, वेळही पुरता दिला, तक्रार करावी असं कागदावर काहीच नाही. पण माझ्या बापाला त्या दिवशी पुन्हा एकदा पेशंट करून घरी पाठवलं, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर मी उत्तरेला, तुमच्या सरोवरावरच्या बोटवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. झटक्याचं ऐकलं की पुढच्या तारखा एकाएकी भरलेल्या असायच्या. तुम्ही तेवढे एकटे वेगळे निघालात. तुम्ही विचारलंत, "उजवा हात कसा आहे?"

कॅप्टन, डॉक्टर, विमा कंपनी, विमानतळावरची मंडळी, सगळ्यांनी आम्हाला काय गेलंय तेवढंच विचारलं होतं. काय उरलंय हे विचारणारे तुम्ही पहिले.

बॉडेट गावी पोचलो तेव्हा अप्पांनी गाडी थांबवायला लावली. रेनी नदीच्या काठी तो चाळीस फुटी विली वॉलआय, म्हणजे वॉलआय माशाचा पुतळा, उभा आहे ना, १९५९ साली बांधलेला, त्याच्यापुढे फोटो काढून घेतला. या फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघताहेत. १९६५ पासून वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे. ज्याला माणसं मनापासून खातात त्यालाच मान द्यावा."

सकाळी धक्क्यावर तुम्ही लाइफ जॅकेट घेऊन थेट अप्पांकडे आलात. "गुड मॉर्निंग, सर" म्हणालात आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबलात. ते उत्तर यायला वेळ लागला. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. पुढे तासभर तुम्ही दोघं नकाशावर बोलत होतात. हे सरोवर म्हणजे हिमयुगाच्या शेवटी साचलेल्या अगासी नावाच्या अफाट सरोवराचा उरलेला एक भाग, त्यात चौदा हजारांवर बेटं, आणि अमेरिकेतलं मिनेसोटा, कॅनडातले ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबा अशी तिघांची त्यात वाटणी, हे अप्पांना ठाऊक होतं. नॉर्थवेस्ट अँगलची गोष्ट मात्र तुमच्याकडून कळली: अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १७८३ च्या तहात सरोवराच्या वायव्य टोकापासून थेट पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत रेघ ओढायची ठरली, आणि मिसिसिपी तर तिथे नव्हतीच, तिचा उगम पार दक्षिणेला. चुकीच्या नकाशावरून झालेल्या त्या करारामुळे अमेरिकेचा हा एक तुकडा आजही असा आहे, की जमिनीवरून तिथे जायचं तर कॅनडातून जावं लागतं. अप्पा किती वर्षांनी असे वर्गातल्यासारखे खुलले, सांगू? घरी फोनवर सगळ्यांना ते आता हीच गोष्ट सांगतात.

रीळाचा दांडा तुम्ही आदल्या रात्रीच दुसऱ्या बाजूला बसवून ठेवला होतात, उजव्या हाताने फिरवता यावा म्हणून. रॉडचा मागचा भाग डाव्या काखेत धरता येईल अशी गुंडाळलेल्या टॉवेलची उशी केली होतीत. याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. सगळ्यांच्याच रॉड अशा असतात, अशा थाटात ती त्यांच्याकडे दिलीत.

जुलैचा महिना. सरोवराच्या बिग ट्रॅव्हर्स भागातल्या त्या उघड्या पाण्यात, तीसेक फुटांवर चिखलाचा तळ. तळाला टेकत, उसळत जाणारं वजन, त्यामागे ठोके मारलेल्या सोनेरी पत्र्याचं पातं आणि गांडूळ, आणि बोट माणसाच्या चालीपेक्षाही हळू. सोनेरी रंगच का, असं अप्पांनी विचारलं. पाण्याला दलदलीतल्या कुजक्या पानांचा तांबूस रंग असतो, त्यात सोनेरी आणि नारिंगी लांबून दिसतं, असं तुम्ही सांगितलंत. थोडी लाट हवी, आरशासारखं पाणी नको, हेही सांगितलंत. वॉलआयच्या डोळ्यात मागे चकाकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला नीट दिसतं, वरचं पाणी हललं आणि ऊन मोडलं की तो शिकारीला निघतो. अप्पांनी रॉडच्या पुढे दोरीवर तर्जनी टेकवली होती. तुम्ही ती पाहिलीत आणि नुसती मान हलवलीत. एका मासेवाल्याने दुसऱ्याला ओळखावं तशी ती मान होती.

आणि मग तो मोठा लागला.

मोठ्या माशाला अप्पा आयुष्यभर उभे राहूनच सामोरे गेले. ते उठले. डाव्या पायावर भरवसा नाही, बोट डुलतेय, वारा वायव्येचा, आणि माझे वडील उभे! मी झेपावले, तर तुम्ही तळहात पुढे करून मला जागच्या जागी थांबवलंत. खरं सांगते, त्या क्षणी तुमचा राग आला होता. तुम्ही इंजिन न्यूट्रलला टाकलंत आणि अप्पांच्या पाठीशी जाऊन उभे राहिलात. रॉडला हात लावला नाहीत. "वर घ्या, सोडा, फिरवा" काहीच नाही. अप्पा चार फेरे घेत होते आणि थांबत होते. मासा ओढून नेत होता, ते पुन्हा चार फेरे घेत होते. त्यांच्या मानेवर घाम आला. जाळं तुम्ही घातलंत ते त्यांनी "नाऊ" म्हटल्यावरच.

सव्वीस इंच. साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय तिथे लगेच परत सोडावा लागतो, तसा नियमच आहे. अप्पांना हे समजावण्याची गरज पडली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद ठेवणाऱ्या किनाऱ्यावरचा माणूस तो. "मादी आहे. हिची गाबोळी पुढच्या पोरांची," म्हणाले, आणि त्यांनीच उजव्या हाताने तिला पाण्यात सोडलं.

रात्री केबिनमध्ये मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. ते छताकडे बघत होते. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी जे सांगितलं ते माझ्या जागेवरून मला दिसलंच नव्हतं.

"त्याने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला होता. मागून. पहिल्यापासून. पण ओढला नाही."

थोड्या वेळाने म्हणाले, "पडलो असतो तर ओढला असता."

कॅप्टन, हे पत्र त्या पट्ट्यासाठी आहे. मासे कुठेही मिळतात. झटका आल्यापासून अप्पांना किती जणांनी धरलं त्याला गणती नाही. दंडाला, काखेत, कमरेला, विचारून आणि न विचारता. सगळे ओढणारे. तुम्ही अशा बेताने धरलंत की माशाचा सगळा भार अप्पांच्याच हातावर राहिला आणि पडण्याची भीती तेवढी तुम्ही घेतलीत. हे तुम्हाला कुणी शिकवलं मला माहीत नाही. दरपत्रकात ते नक्कीच नव्हतं.

मासे साफ करायच्या शेडमधल्या त्या बाईंनाही माझा नमस्कार सांगा. आम्ही ठेवलेले लहान वॉलआय कापताना त्यांनी गालांचे गोळे वेगळे काढले आणि "हे कॅप्टनच्या पाहुण्यांचे नाहीत, हे सरांचे" म्हणत अप्पांच्या ताटलीत ठेवले. मी ते हळद, तिखट आणि कोकम लावून रव्यात तळले. अप्पांनी कुणाला एकही दिला नाही. अशी माणसं जगात आहेत, आपलं काम करता करता समोरच्याचा मान सांभाळतात, आणि त्यांना वाटतं यात विशेष काय. विशेष आहे. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना विचारा.

अप्पा सप्टेंबरात रेवदंड्याला परतले. गेल्या आठवड्यापासून ते पुन्हा खाडीवर जातात, माझ्या चुलतभावाच्या मुलाला बरोबर घेऊन. त्याला सांगून ठेवलंय, मागून शर्ट धरायचा, ओढायचा नाही. पोरगं ते चोख करतं.

पुढच्या जुलैत आम्ही येतोय. दोन दिवस आमच्यासाठी राखून ठेवा. अप्पांचं म्हणणं आहे की ते पातं गरीपासून आणखी थोडं लांब हवं. त्यावर तुमच्याशी वाद घालायचा आहे, आणि तो घालायला त्यांना वेळ लागेल. सोबत कोकम पाठवते आहे, मासे तळण्याआधी लावून बघा. रीळाचा दांडा मागच्या वेळच्याच बाजूला असू द्या.

तुमची,
रेवदंड्याच्या मास्तरांची मुलगी