सिंहस्थाआधी एका रात्री नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलची परीक्षा घ्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, उमेदीची सगळी वर्षं घालवलेली मी एक निवृत्त सिस्टर. २०२७ च्या ऑगस्टमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाच्या मोठ्या पर्वण्या आहेत. घाट, रस्ते, साधुग्राम यांच्या बातम्या रोज वाचते, पण माझा जीव दवाखान्याच्या दारात अडकलाय.

२७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन कितीतरी भाविक दगावले. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ रोजी सरकारी आकड्यानुसार ३० जण गेले, ६० जखमी झाले. तेही मध्यरात्रीनंतर, जेव्हा ड्युटीवर सर्वांत कमी माणसं असतात.

अशी एक रात्र मी काढली आहे. बस उलटली होती. रिक्षा-जीपमधून आधी आले ते चालते-बोलते लोक, आणि सगळ्या खाटा त्यांनीच भरल्या. शेवटच्या गाडीतला पोरगा गप्प होता. रक्त दिसत नव्हतं, म्हणून स्ट्रेचर व्हरांड्यातच राहिलं. पोटात रक्तस्राव होत होता, ते कळलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टर, वॉर्डातले मामा, मावश्या, सगळे जिवाच्या आकांताने राबत होते. दारात उभं राहून ‘हा आधी, तो नंतर’ सांगणारं मात्र कोणी नव्हतं. तो पोरगा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

जखमीच्या हाताला कोणती पट्टी बांधायची, हे आम्ही सगळेच शिकलेलो असतो: लाल म्हणजे तातडीचा, पिवळी म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवी म्हणजे किरकोळ, काळी म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. पण ती बांधणार कोण, हे आधी ठरायला हवं. अनुभवी डॉक्टर हवा आणि त्या वेळी त्याने दुसरं कुठलंही काम करू नये, अगदी टाकासुद्धा घालू नये. हिरव्या पट्टीच्या जखमींना ओपीडीत बसवावं, म्हणजे कॅज्युअल्टी मोकळी राहील. सिव्हिल भरत आलं की नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात कोणाला पाठवायचं, हे १०८ रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूमने सांगावं. ते नातेवाइकांच्या धावपळीवर सोडू नये.

आणि सराव. सकाळी अकराचा, फोटोग्राफरसमोरचा सराव मी पुष्कळ पाहिला. रात्री तीनला पन्नास खोटे जखमी सिव्हिलच्या दारात आणा. रक्तपेढीला फोन लागतो का, भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, दुसऱ्या ऑपरेशन थिएटरची किल्ली कोणाकडे आहे, ते घड्याळ लावून बघा. पावसाळ्याआधी असं दोनदा तरी व्हावं. तारीख मात्र कोणाला कळू देऊ नका.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका, नाशिक