शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच नव्हे

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या भावाला शौचावाटे रक्त आणि आव पडायची. मूळव्याध समजून काढे, मलमे झाली. शेवटी कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होण्याचा आजार, निघाला. या आजारात प्रतिकारशक्तीला घातलेला लगाम सैल पडतो आणि ती आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवरही तुटून पडते. हा लगाम धरणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जपानी शास्त्रज्ञ शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ चे नोबेल त्याच संशोधनाला मिळाले. तरीही लोक अशा रुग्णाला ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णे सुचवतात, याचा संताप येतो. या आजारावर टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारी इंजेक्शने देतात, पण त्यांनी शरीरात दडलेला सुप्त क्षय उसळू शकतो. क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतातच असल्याने इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी हवीच. जिल्हा रुग्णालयांत कोलोनोस्कोपी आणि ही महागडी इंजेक्शने सरकारने उपलब्ध करावीत.

– एक वाचक, सातारा