अडीच तासांचा सिनेमा किती वाजता संपतो?

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी काही सिनेमाची जाणकार नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मालिका बघते, रविवारी दुपारी टीव्हीवर लागलेला सिनेमा बघते आणि गाण्यांची स्पर्धा असली की सगळं घरच टीव्हीसमोर असतं. तीस वर्षं असं बघत आल्यावर माणसाची काही मतं होतातच. ती आजवर मी जाऊबाईंना फोनवर ऐकवायची. परवा त्या वैतागून म्हणाल्या, "मला काय सांगतेस, मंत्र्यांना सांग." म्हणून हे पत्र.

केबल टीव्हीचे नियम १९९४ सालचे आहेत. त्यातल्या सातव्या नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती चालत नाहीत. त्यातली दहा मिनिटं पैसे देऊन केलेल्या जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कौतुकाची. लेकीने मोबाईलवर हे शोधून दाखवलं तेव्हा मला खरंच वाटेना. मग मी वही घेतली. तासातली बारा मिनिटं गेली, उरली अठ्ठेचाळीस. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा तीन तास आठ मिनिटांत संपायला हवा. बारा वाजता लागला, तर तीन वाजून आठ मिनिटांनी. गेल्या महिन्यात एका वाहिनीवर बाराला लागलेला सिनेमा संपला तेव्हा चाराला दहा कमी होते, आणि त्यातली दोन गाणी कापलेली होती. मालिकेचं मोजमाप माझ्याकडे वेगळं आहे. पूर्वी एका ब्रेकमध्ये भाजी फोडणीला टाकून यायचे, आता पाव किलो गवार निवडून होते.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि टीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, २०१२-१३ मध्ये हा बारा मिनिटांचा नियम नीट राबवायचं मनावर घेतलं होतं. वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, कारवाईला लगाम बसला आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. वाहिन्यांचंही काही म्हणणं असेल. जाहिरातीच नसतील तर मालिका कशाच्या जोरावर काढायच्या, हे मलाही कळतं. पण मी दरमहा पैसे भरते, फुकट बघत नाही.

आणि जाहिरातींशी माझं वैर नाही. निरमाची धून आमच्या घरात अजून कुणीही पुरी करतं. चांगली जाहिरात तीस सेकंदांत गोष्ट सांगते, मालिकेला त्याच गोष्टीला तीन आठवडे लागतात. राग आहे तो तीच जाहिरात एका ब्रेकमध्ये तीनदा लावण्याचा, आणि आवाजाचा. आमच्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. मालिकेतल्या बायका कुजबुजत कट रचतात म्हणून ते आवाज वाढवतात, तेवढ्यात ब्रेक लागतो आणि टाइल्सची जाहिरात अशी गरजते की शेजारचं बाळ उठतं. जाहिरातीचा आवाज अवास्तव मोठा नसावा, असंही त्याच सातव्या नियमात लिहिलेलं आहे.

त्यातच पुढे असंही आहे की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू यावी, आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्टी वगैरे लावून कार्यक्रमात अडथळा आणू नये. हे वाचून मी हसले. नायिका रडते आहे आणि तिच्या हनुवटीखालून हिंगाचा डबा सरकत जातो, हे मी रोज बघते. त्याहून वरताण म्हणजे कथेतच शिरलेली जाहिरात. काल सासूच्या जिवावर उठलेली सून आज एकदम शांत होते, मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्याकडे वळवून धरते आणि सासूबाई "वा, काय चव आहे!" म्हणतात. उद्या पुन्हा वैर. अशी जाहिरात वेगळी ओळखायची कशी, आणि त्या बारा मिनिटांत ती कोण धरतं?

आता रिअॅलिटी शोबद्दल. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'लिटिल चॅम्प्स'ची पाच मुलं गायची तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला शुकशुकाट असायचा. मीही मत पाठवलं होतं, यजमानांच्या मोबाईलवरून, त्यांना न सांगता. त्यानंतर काय झालं कोण जाणे, मुलांच्या कार्यक्रमांत गाणं कमी आणि चेहरे जास्त दिसायला लागले. लहान मुलींना मोठ्यांच्या गाण्यांवर तसलेच हावभाव करायला लावतात म्हणून तुमच्या मंत्रालयाने जून २०१९ मध्ये वाहिन्यांना समज दिली होती, ते चांगलंच केलं. मुलांना दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नको, सलग तीन तासांपेक्षा जास्त नको, कमाईतले किमान वीस टक्के त्यांच्या नावावर बँकेत ठेवायचे, असेही नियम आहेत म्हणे. पण बाद होणाऱ्या मुलाचा चेहरा दाखवायचा, वाद्यं थांबवायची, "निकाल ब्रेकनंतर" म्हणायचं, आणि परत आल्यावर तोच चेहरा पुन्हा पहिल्यापासून, याचे तास कोण मोजतं? त्या नऊ वर्षांच्या पोराचे डोळे भरलेले असतात आणि आम्ही साबण बघत असतो. ब्रेक कमी झाले तर हा प्रकार आपोआप आटोक्यात येईल, असा माझा अंदाज आहे. परीक्षकांची रडारड मात्र त्यानेही थांबणार नाही.

थिएटरविषयी थोडक्यात सांगते. तिकिटावर लिहिलेल्या वेळेला आम्ही धावत पोचतो आणि सोन्याचे दागिने, फ्लॅट, पंखे बघत बसतो. राष्ट्रगीत लागलं की कळतं, आता सिनेमा. त्याआधी पडद्यावर तंबाखूने तोंड सडलेला माणूस दाखवतात, तो दाखवायलाच हवा. पण त्याच्या मागोमाग एक मोठा नट हसत हसत वेलची खातो. ती वेलची कोणत्या घराण्यातली, हे पहिलीतलं पोरही सांगेल. अशा आडवळणाच्या जाहिरातींना २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. त्या ग्राहक व्यवहार खात्याच्या आहेत, तुमच्या नाहीत, तेवढं त्यांच्या कानावर घाला.

सिनेमा ज्या वाहिनीवर लांबला, तिच्याकडे मी रीतसर तक्रार केली आहे. त्याच केबलच्या नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत तक्रार निकाली काढायची. पोच आली, अगदी वेळेवर, खाली त्यांच्या नव्या मालिकेचं चित्र लावून. पंधरा दिवस गेल्या मंगळवारी झाले. तक्रारीची आणि माझ्या वहीतल्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
सातारहून एक प्रेक्षक