योकोहामाच्या काकू, तुमची ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे

प्रिय काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणं अवघडच आहे, तरी लिहितेय. कारण जपान ट्रिपचा पहिला दिवस कसा गेला असं कोणी विचारलं की मी टोकियोतल्या शिंजुकूचे दिवे, शिबुयाची गर्दी सगळं सोडून तुमच्याबद्दलच बोलत बसते, आणि तुम्हाला मात्र नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.

आम्ही तुम्हाला आठवत असू का? नारिता एअरपोर्टवरून सुटलेल्या नारिता एक्सप्रेसमधल्या दोन मुली, एकीच्या गळ्यात विमानातली मानेची उशी तशीच अडकवलेली आणि दुसरी रडायच्या बेतात. ती दुसरी मी.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकत्र परदेशात जायचं असं किती वर्षं नुसतं बोलत होतो, कधी कोणाला सुट्टी नाही, कधी कोणाचं लग्न, कधी कोणाचं बाळ लहान, शेवटी एकदाचं जमलं. रात्रभराची फ्लाइट, झोप कोणालाच नाही, इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो देऊन बाहेर आलो आणि थेट शिंजुकूला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसलो. चौघींची तिकिटं आमच्या प्लॅनर मैत्रिणीच्या पर्समध्ये, बॅगा डब्याच्या टोकाच्या रॅकमध्ये नंबरच्या कुलपाने लॉक केलेल्या. जपानमधलं सॉकेट दोन चपट्या पिनांचं, हाताशी अ‍ॅडॅप्टर एकच, त्याला एकीचा फोन लावलेला, आणि माझा तर विमानातच बंद पडला होता. एवढं सगळं सांगतेय कारण ह्यानंतर आम्ही दोघी (मी आणि जिचा फोन चार्जिंगला होता ती) बाथरूमसाठी उठलो, जवळचं बिझी होतं म्हणून डबे ओलांडत पुढे पुढे गेलो, परत येताना एका अर्ध्या रिकाम्या डब्यात खिडकीजवळ जागा दिसली, म्हटलं पाच मिनिटं बाहेर बघू, बाहेर भातशेती, निळ्या कौलांची घरं, विजेच्या तारा असं सगळं मागे पळत होतं, आणि दोघींचाही तिथेच डोळा लागला.

ती एकच ट्रेन दिसत असली तरी सहा-सहा डब्यांच्या दोन गाड्या जोडलेल्या होत्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं. टोकियो स्टेशनला त्या वेगळ्या होतात, एक शिंजुकूकडे जाते आणि दुसरी योकोहामावरून ओफुनाला. जोडलेल्या असताना मधल्या दारातून आरपार चालत जाता येतं, त्यामुळे एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते आम्हाला कळलंच नाही. जाग आली तेव्हा टोकियो स्टेशन मागे पडलं होतं. धावत मागे गेलो तर ज्या दारातून आलो होतो ते बंद, आणि त्याच्या पलीकडे डबाच नाही. खिडकीबाहेर बोगदा, काळाकुट्ट.

पोटात असा गोळा आला ना. तिकीट नाही, फोन नाही, बॅगा नाहीत, जवळ पासपोर्ट आणि थोडे येन तेवढे. आणि जिवलग मैत्रिणी त्याच शहरात दुसऱ्याच दिशेला निघालेल्या.

तुम्ही पलीकडच्या सीटवर होतात. करडा कोट, पायाशी छोटी चाकांची बॅग, तिला विमानाचा टॅग तसाच लटकलेला, म्हणजे तुम्हीही लांबचा प्रवास करून आला होतात. मी फक्त "शिंजुकू? शिंजुकू?" एवढंच म्हणू शकले. तुम्ही वरच्या स्क्रीनकडे बघितलंत, मग आमच्याकडे, आणि तुमच्या लगेच लक्षात आलं. "दाइजोबु, दाइजोबु," म्हणालात. त्याचा अर्थ "काही काळजी करू नका" असा होतो हे मला नंतर कळलं, पण खरं सांगू का, तेव्हाही आवाजावरून कळलं होतं. मग तुम्ही स्वतःकडे बोट दाखवून "योकोहामा" म्हणालात. मला वाटलं नुसतीच ओळख करून देताय.

कंडक्टर आला तेव्हा तुम्ही उभं राहून त्याच्याशी बराच वेळ बोललात, मला त्यातलं फक्त "शिनागावा" आणि "शिंजुकू" समजलं. शिनागावा आलं आणि तुम्ही बॅग घेऊन आमच्याबरोबर उतरलात. तिथून यामानोते या लोकल लाइनचा प्लॅटफॉर्म बराच लांब आहे, संध्याकाळची गर्दी अंगावर येत होती, आणि तुम्ही एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी माझ्या बाहीचं टोक धरून चालत होतात. माझ्या आजीने जत्रेत धरलं असतं तसं.

प्लॅटफॉर्मवर पर्समधून छोटी वही काढून तुम्ही एक कागद फाडलात. त्यावर पेन्सिलने एक रेघ, रेघेवर नऊ टिंबं. पहिल्या टिंबाखाली "जेवाय २५", शेवटच्या टिंबाखाली "जेवाय १७" आणि त्याला गोल. मग स्टेशनच्या बोर्डवरच्या हिरव्या चौकटीतल्या नंबरकडे बोट करून मला दाखवलंत, बघ, हा तो २५. त्या लाइनच्या स्टेशनांना २०१६ पासून असे नंबर दिलेत. यामानोते म्हणजे जेवाय, एकूण ३० स्टेशनं, ३४.५ किलोमीटरची गोल फिरणारी लाइन. गोल असल्यामुळे उलट्या दिशेच्या गाडीत बसलं तरी शिंजुकू येतं, पण सगळ्या शहराला वळसा घालून, म्हणून तुम्ही रेघेवर बाणसुद्धा काढलात आणि बोटांनी दाखवलंत की आकडा कमी कमी होत गेला पाहिजे. कागदाच्या तळाशी "५, ६" लिहिलंत. आमच्या मैत्रिणींची गाडी शिंजुकूला ज्या प्लॅटफॉर्मवर येणार होती त्याचे ते नंबर, तेच तुम्ही कंडक्टरला विचारलं होतंत.

गाडी आली, दार बंद झालं, आणि तुम्ही तिथे वाकून उभ्या होतात, गाडी हलली तरी वाकलेल्याच. आम्ही आतून वेड्यासारख्या हात हलवत होतो.

मग २४, २३, २२. प्रत्येक स्टेशनला मी बोर्ड बघायचे आणि कागदावरच्या टिंबावर नखाने खूण करायचे. ज्या शहरातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं तिथे आकडे मोजता येत होते आणि तेवढ्यावर मला धीर आला. शिबुया २०, बापरे काय गर्दी. हाराजुकू १९. योयोगी १८. आणि मग १७.

शिंजुकू हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन मानतात, बाहेर पडायला २०० च्या वर रस्ते आहेत. त्या दोघी आम्हाला शोधायला गेटबाहेर गेल्या असत्या तर कोण कोणाला सापडणार होतं? पण त्या प्लॅटफॉर्म सोडून हलल्याच नव्हत्या. पाचवर चौघींच्या बॅगांचा ढीग करून त्यावर बसलेल्या, एकीचे डोळे सुजलेले. कोणीच ओरडलं नाही, नुसत्या मिठ्या.

रात्री टोकियो सरकारच्या इमारतीच्या ४५व्या मजल्यावर गेलो, २०२ मीटर उंचावर, तिथे फुकट वर जाता येतं. खाली दिवेच दिवे, संपतच नव्हते. तिथे उभं असताना प्लॅनर मैत्रिणीने सहज विचारलं, "अगं पण त्या काकूंना जायचं कुठे होतं?" आणि मला तुमचं ते "योकोहामा" आठवलं. म्हणजे शिनागावा तुमचं स्टेशन नव्हतंच. तुम्ही तुमची रिझर्व्ह सीट सोडून मध्येच उतरला होतात. ते रिझर्व्हेशन त्या एका गाडीपुरतंच असतं, म्हणजे आम्हाला गाडीत बसवून तुम्ही विमानप्रवासाच्या थकव्यात, बॅग घेऊन, ऑफिस सुटायच्या गर्दीत लोकलने घरी गेला असणार, बहुतेक उभ्याने. आम्ही चौघी कितीतरी वेळ काही बोललोच नाही. मग योकोहामा कुठल्या बाजूला ते शोधलं आणि त्या काचेपाशी जाऊन उभ्या राहिलो.

त्या दिवसानंतर अख्ख्या ट्रिपभर जिचं तिकीट तिच्याकडेच, आणि चुकामूक झालीच तर कुठे भेटायचं ते गाडीत चढायच्या आधी ठरवायचं, असं आम्ही केलं. ओळखीतलं कोणी ग्रुपने निघालं की त्यांनाही मी हेच सांगते, आणि तुमची चिठ्ठी दाखवते. ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे, पेन्सिल थोडी पुसट झालीये, नखाच्या खुणा दिसतात.

मी तुम्हाला तेव्हा घाईत नुसतं "अरिगातो" म्हटलं होतं. नंतर कळलं की तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला ते फार तोकडं आहे, आणि कोणी आपल्यासाठी काही करून झालं असेल तर त्याचं वेगळं रूप आहे. तेव्हा येत नव्हतं, आता येतं. काकू, आम्हा चौघींकडून, अरिगातो गोझाइमाशिता.

तुमची,
नऊ टिंबांवाली