पार्किंगच्या मागच्या गेटला स्वतंत्र सोलर बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय: मागच्या गेटच्या मोटरसाठी बॅटरीसह ऑफ-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला न जोडलेलं) सोलर

मा. अध्यक्ष, सप्रेम नमस्कार.

परवा पावसात मागचं गेट पुन्हा अडकलं. वॉचमन टॉर्च घेऊन क्लचची चावी (मोटर सुटी करून गेट हाताने ढकलता यावं म्हणून असते ती) शोधत होता आणि सी विंगमधल्या काकू डायलिसिसला निघालेल्या, गाडीत बसून होत्या. चावी सापडली तरी रुळात चिखल भरलेला, त्यामुळे गेट ढकलायला तिघे लागले. हे आता दर पावसाळ्याचं झालं आहे.

मूळ दुखणं मोटरचं नाही, केबलचं आहे. मीटर रूमपासून गेटपर्यंत जमिनीखालून गेलेल्या केबलच्या जोडात पाणी शिरतं आणि ईएलसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो. नवी केबल टाकायची तर गेल्या वर्षीच केलेलं काँक्रीट फोडावं लागेल. शिवाय गुरुवारी वीज गेली की चांगली केबलही उपयोगाची नाही. "गच्चीवर सोलर आहेच की" असं काही सभासद म्हणतात. पण ते ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेलं आहे. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. म्हणून गेटची व्यवस्था वेगळीच हवी.

गेटला वीज किती लागते ते पाहा. २४ व्होल्टची २०० वॅटची मोटर एका फेरीत २० सेकंद चालली तर जेमतेम १.१ वॅट-तास खाते. दिवसाला २०० फेऱ्या धरल्या तरी २२० वॅट-तास. रिमोटचा रिसीव्हर आणि फोटोसेल (गेटच्या आड काही आलं तर ओळखणारा सेन्सर) मात्र रात्रंदिवस चालू असतात. ते ५ वॅट धरले तर १२० वॅट-तास. एकूण ३४०, म्हणजे युनिटचा साधारण तिसरा हिस्सा. एवढ्यासाठी कोणी तीन किलोवॅटचा सेट सुचवला तर कृपया साफ नकार द्यावा.

३३५ वॅटचं एक पॅनेल, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज घेऊन बॅटरी चार्ज करणारा) आणि २४ व्होल्ट ५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरेशी आहे. उन्हाळ्यात पॅनेल दिवसाला साधारण सव्वा युनिट देईल. पण हिशोब जुलैचा धरायचा. दाट ढगांत उत्पादन एक तृतीयांशावर आलं तरी गेटपुरतं भागतं, आणि अजिबात ऊन नसेल तर बॅटरी तीन दिवसांच्या आसपास खेचते.

आपली सध्याची मोटर २३० व्होल्टची आहे. ती तशीच ठेवली तर बॅटरीची वीज २३० व्होल्टची करणारा इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागेल आणि गेट हलत नसतानाही तो बॅटरी खात राहील. म्हणून मोटर २४ व्होल्ट डीसीचीच घ्यावी, हा माझा आग्रह आहे.

पॅनेल गेटजवळच्या केबिनवर नको. तिथे अकरापर्यंत बी विंगची सावली असते आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीही उत्पादन बरंच खाली आणते. सायकल शेडच्या पत्र्यावर दिवसभर ऊन असतं. तिथे दक्षिणेकडे तोंड करून, १८-२० अंश कलवून बसवावं. दर पंधरवड्याला धूळ पुसण्याचं काम हाउसकीपिंगच्या यादीत घालावं. सबसिडीची वाट पाहू नये. पीएम सूर्यघर योजनेची मदत ग्रिडला जोडलेल्या सोलरलाच मिळते.

येत्या मासिक सभेत हा विषय घेऊन तीन कोटेशन मागवावीत, ही विनंती. लोडचा हिशोब आणि जागेची मापं मी द्यायला तयार आहे. तोवर क्लचची एक चावी केबिनमध्ये खिळ्याला टांगावी आणि रुळातला चिखल रोज काढायला सांगावं. हे उद्यापासूनच व्हावं.

कळावे,
आपला सभासद,
बी विंग